वीतभर डावीकडे

चंद्रावरच्या वस्तीत कुणी कुणाकडे पाहुणा म्हणून जात नसे. भांडणं नव्हती, अडचण भिंतीची होती. प्रत्येकाचा घुमट कार्बनच्या कापडाचे चाळीस थर राळेने चिकटवून केलेला. दार उघडायचं तर आतली हवा काढावी लागे, मग भिंत सैलावे. हवा भरली की पुन्हा ताणली जाई. या एका खेपेला वस्तीत 'उघड' म्हणत. एका उघडीने काही बिघडत नाही, पण अशा हजार झाल्या की भिंत थकते, थरांत केसाएवढ्या भेगा पडतात आणि पापुद्रा सुटतो. भाकरीचा पापुद्रा सुटला की सुगरणीचं कौतुक होतं. इथे सुटला की माणूस हवेला मुकतो. म्हणून उघड वर्षातून चारदाच, शिधा आला की.

शेवाळाच्या टाक्या सांभाळणारा हरबा तांडेल असा नऊ वर्षं एकटा होता. पडद्यावर माणसं दिसत, बोलत, पण पडद्यातून कुणाचा हात येत नाही. हात यायचा तो फक्त सामंतबाईंचा, आणि तोही भिंतीवर. त्या भिंतींच्या तपासनीस; रोज बाहेर पडता यावं म्हणून वस्तीतली एकुलती एक महागडी दुहेरी दारं त्यांच्याच घुमटाला होती. रोज बाहेरून ठरलेल्या खुणांवर हातोडी ठोकत आणि यंत्राने कंप मोजत. जाता जाता मात्र हरबाच्या खाटेशी, जिथे खूण नव्हती तिथे, तीन ठोके जास्तीचे देत. हरबा आतून पितळी भांड्याने तीन परत करी. तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

आज ठोक्याचं नेहमीचं ठण आलं नाही, थद् आलं. हरबाने भांडं खाली ठेवलं. फायबरच्या होड्यांची बुडं वाजवून बघण्यात त्याची अर्धी हयात कोकणात गेली होती. थद् म्हणजे आत पापुद्रा सुटू लागलेला, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

त्याने बाईंच्या हेल्मेटला फोन लावला. "बाईनू, एक इचारू? हलक्या ठोक्यान पापुद्रो सुटता काय?"

"एकाने नाही सुटत, तांडेलकाका," बाई हसल्या. "पण भिंत आधीच ताणलेली, आणि त्याच जागी रोज, वर्षानुवर्षं..." बोलता बोलता त्या थांबल्या. "का हो? आवाज बदलला का?"

हो म्हटलं तर घुमट आजच बंद होणार आणि हरबाची रवानगी डोंगरापलीकडच्या नव्या घुमटात. तिथल्या भिंती आपलं आपण तपासतात, बाहेरून कुणी ठोकत नाही. नाही म्हटलं तर ही भिंत एक दिवस फाटणार. खरं सांगायचं तर हरबाला फाटण्याची भीती कमी वाटली.

"नाय," तो म्हणाला. "पण आतापासून वीतभर डावीकडे ठोका. मी खाट सरकयलंय."

खाट का सरकली, हे बाईंना न कळण्यासारखं नव्हतं. ते नोंदवणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी नोंद केली नाही.

"माझ्या घुमटावर कुणीच ठोकत नाही, काका," त्या म्हणाल्या.

मग वीतभर डावीकडे तीन ठोके आले. ठण. हरबाने भांडं उचलून जमेल तितक्या हळू उत्तर दिलं, आणि खाटेपासून दारापर्यंतची भिंत हाताने मोजली. अजून अकरा विती कोऱ्या होत्या.