औषधाची कापडं

लेकीचं बारसं म्हटलं की आत्या हवीच. नाव तीच ठेवणार. म्हणून शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मी मलकापूरहून तासगावकडे निघालो, रंगूला आणायला. धाकटी बहीण. जायचं आणि घेऊन यायचं, एवढंच काम.

पोचलो तेव्हा दुपार टळली होती. दाजी पडवीत झोपले होते. पूर्वी ते द्राक्षबागांवर किडीचं औषध फवारायचे. ते सोडूनही वर्षं झाली होती. रंगूनं कलिंगड कापून पुढ्यात ठेवलं. दारात शेरडं, पलीकडे उकिरडा, आणि फोडींवर एक माशी बसेना. मला आधी बरंच वाटलं. मग दाजींच्या वाकळेकडे लक्ष गेलं. तिच्याभोवती माश्या मरून पडल्या होत्या. वास येत होता तो औषधाचा.

"अजून फवारतात व्हय गं?"

"न्हाई रं दादा. डब्याला हात लावला न्हाई तवापास्नं." ती हळू बोलली. "मिरजेला दावलं. काय बी न्हाई म्हनले. पर ह्यांच्या संगतीचे गडी गेले... काम सोडल्यावर, येक येक करून. हे येकटंच ऱ्हायल्यात."

मी हातातली फोड खाली ठेवली. "बरं, पिशवी भर. उद्या बारसं हाय."

"मी न्हाई यायची." तिनं दोन्ही हात मागे घेतले. "ह्यांची औषधाची कापडं मीच धूत हुते रं. ह्या हातांनी. परवा मनगटावर मुंगळा चढला, आन् तितंच मेला..."

मी हसलो. तिची कीव आली की भीती वाटली, मला आजही सांगता येत नाही. आई रुसेल, लोक काय म्हणतील, असं काहीबाही बोलून मी तिला एसटीत बसवलंच. सगळ्या वाटेत तिचे हात पदराखाली होते.

बारशाला घर भरलं. पोरगी सकाळपासून रडून लाल झाली होती. रंगू तिला घेईना, तेव्हा आईनंच पोर तिच्या मांडीवर ठेवली. रंगूनं कानाशी वाकून नाव सांगितलं, प्रांजल. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. पोरगी एकदम गप्प झाली.

"आत्याचा हातगुण," आई कौतुकानं म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो.

रंगू तेवढी माझ्याकडे बघत होती.

"दादा... हिला जरा चिमटा काढून बघ."

मी हळूच काढला. बायका पाळणा म्हणत होत्या. मी पुन्हा काढला, जोरात. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत राहिली.