पुष्पाचा टाक

भुताच्या डोळ्यातून एक पांढरा थेंब टपकन सुभद्राच्या छत्रीवर पडला.

तिनं वर पाहिलं. मलकापूरच्या टॉकीजवर नवा बोर्ड रंगत होता आणि शिडीवर पेंटर तुळशीराम हातात ब्रश धरून ओशाळून उभा होता.

"भूत रडून राह्यलं तुमचं," ती म्हणाली.

"माफ करा बाई... माहा हात हालला."

मुलींच्या शाळेतल्या बाई म्हणून गाव तिला ओळखत होतं. सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची, तोंडानं फटकळ. त्या दिवसापासून मात्र तिची शाळेची वाट टॉकीजवरूनच जाऊ लागली. लांबची होती, तरी!

सिनेमा जुनाच, नव्यानं काढलेला. बारा वर्षांपूर्वीच्या काळ्या-पांढऱ्या सिनेमात मेलेली पहिली बायको दुसरीच्या मानगुटीवर बसायची आणि बायका पदर तोंडात कोंबून किंचाळायच्या. आता तीच गोष्ट रंगीत, मोटारगाडीसकट. पाहणाऱ्याची बोबडी वळेल असं भूत काढ, असं मालक भगवंतरावांनी बजावलं होतं. पण तुळशीराम रोज तोंड काढायचा आणि रोज पांढऱ्या रंगानं पुसून टाकायचा. सिनेमा लागायचा शुक्रवार चार दिवसांवर आला.

"काऊन पुसता?" एका सकाळी तिनं विचारलंच.

तो शिडीवरून उतरला. "जुन्या बोर्डाच्या वक्ती माही बायको बसली होती समोर, केस सोडून. पुष्पा. नवीनच लगन झालं होतं... हसूच आवरे ना तिले. चार वर्षांनी तापात गेली. आता भूत काढाले गेलो का तिचंच तोंड येते. आन् तिले पाहून कोण भिईन?"

सुभद्रानं छत्री मिटली.

"दोन सोयरिकी मोडल्या माह्या," तो खाली पाहत म्हणाला. "पोरीवाले म्हणतात, पहिलीचं तोंड कोरलेला चांदीचा टाक घडवा, दुसरीच्या गळ्यात घाला, म्हंजे मेलेली तरास देत नाही. माही पुष्पा कोणाले तरास देईन हो? मी नाही म्हनलं."

त्या दिवशी वर्गात फळा पुसता पुसता सुभद्राचा हात थांबला. आपण या माणसात गुंतलोय, हे तिला लख्ख कळलं. त्याच्या घरात आपल्याला जागा असेल का, हे मात्र कळेना. जीव नुसता टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाठमोरी काढा. नुसते मोकळे केस. तोंडाचं ज्याचं त्यानं ठरवावं."

शुक्रवारी पाठमोऱ्या भुताच्या बोर्डाखाली ही गर्दी! बायका पोरांना ओढून पुढं नेत होत्या. भगवंतराव खूश होते. तुळशीराम गर्दीतून वाट काढत सुभद्राच्या छत्रीजवळ आला.

"तुमच्यामुळं झालं, बाई."

"मग माहं एक काम करा... सराफाकडून टाक घडवून आणा. पुष्पाचा."

तो पाहतच राहिला. "कोणासाठी?"

"माह्यासाठी." छत्रीची मूठ तिनं घट्ट धरली होती. "मले तिची भीती नाही. पण तुमच्याकडं यायचं, तर तिले बाहेर ठेवून कशी येऊ?... फक्त सराफाले सांगा, तोंड हसरं पाहिजे."

तुळशीरामनं कानावरची पेन्सिल काढली, सिनेमाच्या जाहिरातीचा कागद उलटा केला आणि टॉकीजच्या पायरीवर बसून पुष्पाचं तोंड काढू लागला. सुभद्रानं कागदावर छत्री धरली.

या वेळी त्यानं काही पुसलं नाही.