अम्मानं धुतलेली हवा

अखिला तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घालायला गच्चीवर गेली, तर तिथं एक अनोळखी तरुण पालथा पडून घरघरणाऱ्या पेटीला कान लावून होता. पिठाचं पातेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली. तो गडबडून उठला, शर्टाला लागलेला चुना झटकू लागला.

"मी… भरद्वाज. अप्पांनी… परवानगी दिली."

मराठी खरं, पण एकेक शब्द चाचपत. मद्रासला वाढलेला संशोधक, घरी मराठी नुसतं ऐकलेला. तंजावरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत तेवढंही पुष्कळ झालं. अखिलाच्या अप्पांनी, वेंकटरावांनी, 'आपला मुलगा' म्हणून गच्ची देऊन टाकली होती, आणि घरात सांगायचं साफ विसरले होते!

पेटीत पंप होता. तो हवा ओढायचा आणि हवेतलं विष आतल्या स्पंजात अडकायचं. कसलं विष, हे त्यानं फिल्टरची कापी पिता पिता सांगितलं. भाताच्या शेतात कीड मारायला टाकलेली बीएचसी पावडर उन्हानं वर उडते, वाऱ्याबरोबर पार उत्तर ध्रुवापर्यंत जाते आणि थंडीनं खाली बसते. मग ती माशांत जाते, सीलमध्ये जाते आणि ते खाणाऱ्या माणसांत.

"तिथं कुणी पावडरीचं पोतं पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "पण बाळंतिणींच्या रक्तात ती सापडते. दुधातही."

अखिलानं कापीचा पेला खाली ठेवला. ती पावडर विकायचं दुकान अप्पांचंच होतं. अप्पांनी मात्र सगळं हसण्यावारी नेलं.

प्रयोगशाळा लांब, म्हणून भरलेले स्पंज चंदेरी कागदात गुंडाळून अखिलाच्या घरच्या नव्याकोऱ्या फ्रीजरमध्ये राहू लागले. आणि भरद्वाज येऊ लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड.

"पंप बघायला इतक्या वेळा यावं लागतं?" तिनं एकदा विचारलंच.

"त्याला… सवय झाली आहे."

"पंपाला?"

त्यानं कापीच्या वाटीत डोकं घातलं. कान तेवढे लाल झालेले दिसत होते. अखिलाला त्या दिवशी उगाचच गाणं म्हणावंसं वाटत राहिलं.

पण डिसेंबरात, मार्गळी महिना लागल्यावर, त्यानं सांगितलं की पोंगल झाला की तो नॉर्वेला निघणार. तिथले डॉक्टर त्या बाळंतिणींचं रक्त तपासत होते. त्याच्या स्पंजांशी ते ताडून पाहायचं, आणि तिथली दोन वर्षांची नोकरी पक्की. अखिला "छान" म्हणाली, आणि पुढचे दोन दिवस घरात ज्याच्यात्याच्यावर खेकसत राहिली.

भोगीच्या दिवशी ती शिकवणीहून परतली, तर गच्चीवरच्या दोरीवर साड्यांच्या रांगेत सगळे स्पंज वाळत होते. पांढरेशुभ्र! अम्मानं, नागलक्ष्मीनं, भोगीसाठी घर धुतलं, फ्रीज धुतला आणि ते मळके स्पंज सोड्याच्या पाण्यात उकळून काढले. वर म्हणाली, बिचाऱ्याला कोण धुऊन देणार!

अखिलानं दोरीवरचा एक स्पंज हुंगून पाहिला. अख्ख्या हंगामाची हवा मोरीतून वाहून गेली होती. चंदेरी कागद घरात होता. पुन्हा गुंडाळून ठेवले असते तर कुणालाही कळलं नसतं. अम्मा वाचली असती, तो ठरल्यासारखा गेला असता, तंजावरची हवा निर्मळ ठरली असती आणि अप्पा खूश झाले असते. आणि तिकडे बर्फातली ती बाळंतीण? तिच्या बाळाच्या तोंडी हे कुठून आलं, ते कुणाला कधीच कळलं नसतं. तिनं कागद हातात घेतलासुद्धा. मग ठेवून दिला.

संध्याकाळी स्पंजांच्या पुड्या न्यायला भरद्वाज आला तेव्हा ती त्याला गच्चीवर घेऊन गेली आणि सगळं सांगून टाकलं. तो दोरीवरचे स्पंज एकेक करून काढू लागला.

"अम्मावर रागावू नका," ती म्हणाली. "आता काय होणार?"

"पुढच्या हंगामात पुन्हा इथंच स्पंज भरायचे. नॉर्वेतली जागा दुसऱ्याला जाईल."

तिला रडूच फुटलं. "तुम्ही जाऊ नये असं मला रोज वाटत होतं. पण असं नको होतं हो."

तो जवळ आला. या वेळी त्याला शब्द चाचपावे लागले नाहीत.

"मलाही जायचं नव्हतं, अखिला. काहीतरी बिघडावं असं महिनाभर वाटत होतं. स्वतः बिघडवायची हिंमत नव्हती. अम्मांना होती."

रडता रडता तिला हसू आलं. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "चला खाली. रागावला नाहीत असं आधी अम्माला सांगा. मग अप्पांना सांगा."

"अप्पांना… काय सांगू?"

"तेही मीच सांगायचं?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग तो तिच्याही आधी जिन्याकडे धावला.