कुलूपबंद दाराचा फोटो

प्रेमानंद रामटेके त्या सकाळी घरून निघाला तो अगदी साध्या कामासाठी. त्याला दारांचे फोटो काढायचे होते.

आखातात, कुरुममधल्या ज्या कंपनीत तो इंजिनियर होता, तिच्याकडे निझव्याच्या पलीकडच्या एका ओसाड गावाचं काम आलं होतं. डोंगराच्या कुशीत मातीची घरं, वर खजुराच्या खोडांची छपरं. खाली सपाटीवर वीज आली, नळ आले, तसे लोक एकेक करून तिकडच्या नव्या घरांत उतरले आणि वरचं गाव जसंच्या तसं मागे राहिलं. आता त्याची डागडुजी व्हायची होती. त्याआधी प्रत्येक घराची भिंत, दार, खिडकी आहे तशी टिपून ठेवायची, एवढंच. उन्हाला कंटाळून ऑफिसातले सगळे टाळत होते. प्रेमानंदने ते काम मागून घेतलं.

नाहीतरी घरी कोण होतं? लेक रचना नागपूरला कॉलेजात गेली आणि तिच्यासोबत बायको वैशालीही गेली. अल हैलच्या फ्लॅटमध्ये प्रेमानंद एकटा उरला. सुरुवातीला तो मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून, व्हिडिओ कॉल लावून जेवायचा. पण नागपूरचं घड्याळ दीड तास पुढे. इकडे याचं वरण गरम होईपर्यंत तिकडे ओटा पुसून झालेला असायचा. वैशाली बोलता बोलता जांभई द्यायची. मग त्यानेच ते बंद केलं. आता ताट घेऊन तो कॉम्प्युटरसमोर बसायचा, आणि पडद्यावर काय चाललंय हे न बघताच जेवण उरकायचा.

गावाच्या किल्ल्या महमूदकडे असत. उतारवयाचा, शांत माणूस. हिंदी सिनेमे बघून शिकलेली हिंदी तो जपून बोलायचा. त्याने प्रेमानंदला गल्ल्या दाखवल्या. पाण्याचा पाट अजून वाहत होता, त्याचा बारीक आवाज भिंतींमधून येत राही. बाकी सगळं मुकं. प्रेमानंद एकेका दारासमोर उभा राहायचा, फोटो काढायचा, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघायचा आणि पुढे सरकायचा. पडद्यावर भिंती सोन्यासारख्या दिसत होत्या, आभाळ निळंशार. गल्लीच्या टोकाला एक थोरलं दार होतं, लोखंडी फुल्या ठोकलेलं, कडीला गंजकं कुलूप. त्याचाही फोटो निघाला.

संध्याकाळी फ्लॅटवर येऊन त्याने फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि त्याचा विरस झाला. सोनं नव्हतंच. भिंती राखेच्या रंगाच्या, आभाळ धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखं. कॅमेरा बिघडला असं वाटून त्याने धनंजयला फोन लावला. धनंजय त्याच्याच ऑफिसातला, रत्नागिरीकडचा, फोटोग्राफीचा नाद असलेला. तो हसला. म्हणाला, बिघडलेलं काही नाही. कॅमेऱ्याचा पडदा छोटा आणि भडक असतो. शिवाय तो तुम्हाला आतला खरा फोटो दाखवतच नाही. स्वतःच रंग चढवून, उजेड-सावली ठसठशीत करून एक छोटं चित्र तयार करतो आणि ते दाखवतो. कॉम्प्युटरवर तुम्ही मूळ फाइल उघडली, काचेतून आत आलेला नुसता प्रकाश.

"कसं सांगू सर, कॅमेरा वाढलेलं ताट दाखवतो आणि कॉम्प्युटर शिधा. पण जिन्नस तेच. रंग बदलेल, वस्तू नाही बदलणार."

प्रेमानंदचं समाधान झालं. तो एकेक फोटो पुढे ढकलत गेला आणि थोरल्या दारापाशी थांबला. दार किलकिलं होतं.

त्याने कॅमेरा उचलून त्यात तोच फोटो उघडला. तिथे दार बंद, कुलूप जागच्या जागी. मोठं करून बघितलं तर कुलपाच्या भोकातला गंजसुद्धा दिसत होता. कॉम्प्युटरवर मात्र कुलूप नव्हतं आणि दोन फळ्यांच्या मध्ये चार बोटं काळोख होता. फाइलचा क्रमांक एकच. तो बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत बसला. मग आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याने दोन्ही बंद केलं.

पुढच्या खेपेला मात्र तो आधी त्याच दाराशी गेला. कुलूप हाताने ओढून पाहिलं. जाम बसलेलं होतं. त्याने फोटो काढला, कॅमेऱ्यात नीट तपासला. बंद. संध्याकाळी कॉम्प्युटरवर बघितलं तर दार सताड उघडं होतं.

आत गच्च अंधार दिसत होता. धनंजयने सांगितलं होतं की मूळ फाइलमध्ये अंधारातही बरंच काही दडलेलं असतं, ते वर काढता येतं. प्रेमानंदने सावल्या उजळवायची पट्टी हळूहळू सरकवली. काळोख तपकिरी झाला, मग करडा. आधी जमिनीवरची चटई दिसली. मग तिच्यावरचं भलंमोठं पसरट ताट, भाताने शिगोशीग भरलेलं. आणि मग ताटाभोवती बसलेली माणसं. एक गुडघा उभा, एक आडवा, उजवे हात भाताजवळ थांबलेले. म्हातारे, बाया, एक लहान मूल. चेहरे धूसर होते, पण सगळे बाहेर बघत होते. दाराच्या बाजूला, ताटाच्या अलीकडे, एका माणसापुरती जागा सोडलेली होती.

प्रेमानंद घाबरला, हे खरं. त्याने दिवे लावले, टीव्ही लावला. पण त्याचा हात फोटो मिटवायला धजेना. भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते त्याचं त्यालाही कबूल करवत नव्हतं. इतकी माणसं एकत्र जेवायला बसलेली त्याने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

पुढच्या वेळी त्याने महमूदला त्या घराविषयी विचारलं. फोटोचं बोलला नाही. महमूद पाटाच्या कडेला बसला. मग त्याने सांगितलं की ते घर मोठं होतं, मनाचंही मोठं. जेवणाच्या वेळी त्यांचं दार उघडं असायचं. गल्लीतून जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून बसवायचे. बाहेरचा माणूस बसल्याशिवाय घरातला म्हातारा घासाला हात लावत नसे. एका वर्षी गावात ताप आला. लोकांनी एकमेकांकडे जाणं-येणं सोडलं. त्या घरावरून कुणी जाईना. ते मात्र दार उघडं टाकून, ताट मांडून वाट बघत राहायचे...

"फिर?" प्रेमानंदने विचारलं.

"फिर कोई नहीं बचा." महमूद उठला. दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. दोन पावलं जाऊन तो थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "उधर खाने की खुशबू आए, तो बोलना, खाके आया. बस. इतना बोलना."

तो गेला. दुपार डोक्यावर आली होती. भिंतींच्या सावल्या पायाशी येऊन गोळा झाल्या होत्या. परत फिरायचं असं मनाशी म्हणत प्रेमानंद गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दार बंद होतं, कुलूप होतं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि वास आला. आधी लोबान. मग तुपात परतलेला कांदा, सुकं लिंबू, केशर, मटणाच्या रश्शात शिजलेला भात. दाराच्या फटीतून तो असा येत होता, जसा शेजारच्या स्वयंपाकघरातून यावा. आवाज नव्हता. कुणी हाक मारली नाही.

काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं. ओठ उघडलेही. गाडीत ठेवलेला डबा त्याला आठवला. डब्यात ब्रेडचे तुकडे आणि लोणचं होतं, आणि ते तो स्टिअरिंगवर ठेवून खाणार होता. 'खाके आया' हे दोन शब्द त्याच्या घशाशी आले आणि तिथेच राहिले. कसं म्हणणार? तो कुठेच जेवून आला नव्हता.

त्याने बटण दाबलं.

नंतर खांद्याला हात लागला तेव्हा समोर महमूद होता. सावल्या गल्लीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या, ऊन पिवळं पडलं होतं. महमूद सांगत होता की दुसरा नमाजही झाला, तो हाका मारत सगळ्या गल्ल्या फिरला, याच गल्लीतून दोनदा गेला. इथे कुणी नव्हतं. प्रेमानंदला वाटत होतं की आपण आत्ताच तर फोटो काढला.

महमूदने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "खाया?"

"नहीं," प्रेमानंद म्हणाला. तो खरंच बोलत होता.

महमूदने पाटातून तांब्याभर पाणी आणलं आणि पाहुण्याच्या हातावर घालतात तसं त्याच्या हातावर घातलं. पाणी मातीत पडलं ते तुपकट होतं. त्यावर बारीक पिवळे थेंब तरंगले आणि जिरून गेले.

घरी आल्यावरही प्रेमानंदला भूक लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोट जड, तृप्त, लग्नघरून आल्यासारखं. कॅमेऱ्यात शेवटचा फोटो बंद दाराचाच होता. कॉम्प्युटरला कार्ड लावायचं त्याने दोन दिवस टाळलं, आणि शुक्रवारी सकाळी, भर उजेडात, पडदे सारून एकदाचं लावलं.

दार उघडं होतं. या वेळी पट्टी सरकवावीच लागली नाही, आत पुरेसा उजेड होता. चटईवर ताट होतं, निपटून रिकामं झालेलं. माणसं उठून गेली होती. सगळी. अलीकडच्या जागेवर एकच माणूस बसून होता, दाराकडे पाठ करून. करडा शर्ट, पुढे झुकलेले खांदे, डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढं टक्कल.

माणूस स्वतःची पाठ कधी बघत नाही. प्रेमानंदने बोटांनी डोक्याचा मागचा भाग चाचपला. मग त्याने धनंजयला फोन करून यायला सांगितलं.

धनंजय वादी कबीरच्या घरून आला. इथे शुक्रवार म्हणजे सुट्टीचा दिवस, पोरांना बागेत न्यायचं होतं, म्हणून घाईत होता. प्रेमानंदने त्याला दुसरं काही दाखवलं नाही. त्या दिवशीचाच करडा शर्ट घालून तो कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसला.

"माझा मागून एक फोटो काढ. मोबाइलवर काढ."

धनंजयने विचित्र नजरेने पाहिलं, पण काढला, आणि मोबाइल पुढे केला. पडद्यावर प्रेमानंद स्वच्छ दिसत होता. खांदे, शर्टाची कॉलर, टक्कल, पलीकडे कॅलेंडर. सगळं जागच्या जागी. प्रेमानंदने सुटकेचा श्वास टाकला. कितीतरी दिवसांनी तो हसला. चहा टाकतो म्हणाला. धनंजय म्हणाला, पुन्हा कधीतरी येईन सर, वैशालीवहिनी आल्या की सगळेच येऊ. फोटो पाठवतो म्हणून त्याने तिथेच बोट फिरवलं आणि लिफ्टकडे गेला.

कॉम्प्युटरवर टिंग वाजलं. प्रेमानंदने बसल्या जागेवरून फोटो उघडला.

कॅलेंडर होतं. टेबल होतं. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा होता, आणि तो सरळ खुर्चीच्या पाठीवर पडला होता, मध्ये कुठेही न अडता. खुर्चीत कुणी नव्हतं. फक्त तिच्यावरची फोमची गादी मधोमध खोल दबलेली होती, आणि प्रेमानंद बघत असतानाच, त्या फोटोतली गादी हळूहळू वर येऊ लागली.