उलट्या गिअरने चढलेला डोंगर

"हॉस्पिटल वरच ना… ह्याच रस्त्याने?"

काच खाली करून त्याने विचारलं, तेव्हा ती गॅरेजच्या दारात चहा घेत उभी होती. पावसाची भुरभुर चालू होती. तिने मान डोलावली, त्याने गिअर टाकला, इंजिन ओरडलं… आणि गाडी जागची हललीच नाही. मग एकदम धक्का बसून पुढे सरकली.

तिने चहाचा कप खाली ठेवला. गिअरबॉक्सची कामं करणाऱ्या ह्या मुलीला तिचा मामा 'भागूबाई' म्हणायचा. कुठे खुट्ट झालं की हिला सगळं मोडलेलंच दिसायचं!

"थांबा! हिने चढ चढू नका. ऑटोमॅटिक आहे ना ही? गिअरबॉक्स जातोय."

"आईचं ऑपरेशन आहे. मी दिसल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून हटून बसलीय." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "दुसरी गाडी मिळेल?"

गॅरेजमधल्या सगळ्या गाड्या खोलून पडलेल्या. "मी… मी शेजारी बसते," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

गिअरबॉक्स तपासताना मालकाने चालवायचं, मिस्त्रीने नुसतं ऐकायचं. रेडिओ बंद, तोंड बंद, असा मामाचा दंडक होता. ती जिवाचा कान करून बसली.

"बोलू का?"

"नाही."

"माझं चष्म्याचं दुकान आहे. तुमचे डोळे—"

"समोर बघा!"

"बघतोय हो… घाबरलो की बडबडतो मी."

तिला हसू फुटलं, पण तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढत गेला आणि वेग मात्र घटत चालला. करपट वास आला. ऐन वळणावर गाडी मागे घसरू लागली. मागे दरी होती.

"ब्रेक! हँडब्रेक ओढा!"

दोघांचे हात एकदमच त्या दांड्यावर पडले. गाडी थांबली. हात मात्र तिथेच राहिले.

"संपलं?"

"पुढचे गिअर संपले." ती म्हणाली. "रिव्हर्सचा क्लच वेगळा असतो. तो शाबूत असला… तर उलटं चढायचं."

"आणि नसला तर?"

तिने दार उघडलं.

ती खाली उतरली. जीव मुठीत धरून तिने त्याला गाडी वळणाच्या रुंद जागेत मागे घ्यायला लावली आणि उताराच्या जोरावर फिरवून घेतली. आता तोंड खाली, पाठ वर. ती पुन्हा शेजारी बसली. त्याने रिव्हर्स टाकला… आणि गाडीने लगेच पकडलं.

मागे बघायला त्याने हात तिच्या सीटवर टाकला, मान वळवली. तिनेही वळवली. दोन चेहऱ्यांत वीतभर अंतर उरलं.

"डावीकडे… थोडं… हां."

"तुमचा श्वास लागतोय गालाला."

"मग… घेऊ नको?"

"घ्या घ्या. तेवढाच धीर येतोय."

तिला दरीची भीती वाटत होती, करपट वासाची वाटत होती. आणि तरीही हा रस्ता संपू नये असं वाटत होतं, ह्याची सगळ्यात जास्त!

वर पोचले तेव्हा आईला स्ट्रेचरवर घेतलं होतं. त्याने धावत जाऊन तिचा हात धरला.

"आलास?" आईने त्याच्या मागे पाहिलं. "ही कोण रे?"

"हिच्यामुळे पोचलो, आई."

"मग मी बाहेर येईपर्यंत जाऊ देऊ नकोस हिला."

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. तो बाहेरच्या बाकावर बसला.

"तुम्हाला काम असेल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दरीची भीती वाटलीच. पण वर पोचलो की तुम्ही निघून जाल… त्याची जास्त वाटली."

ऑइलने काळी झालेली बोटं तिने ओढणीला पुसली, ती काही स्वच्छ होईनात. शेवटी तशीच त्याच्या हातात दिली. त्याने ती घट्ट धरली. दारापलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ह्या शांततेतून तिला काही म्हणता काही कळत नव्हतं.

खूप वेळाने दार उघडलं. नर्स बाहेर आली. दोघं एकदम उभे राहिले.

"शुद्धीवर आल्यात. विचारताहेत, ती मुलगी आहे का अजून?"

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"आहे म्हणावं," ती म्हणाली.