आठ पॅनलांवरचं नाव

उन्हाचा दहावा भाग अडवला, तर सौरवीज किती कमी व्हावी? तुम्ही म्हणाल, दहावा भाग. मीही तेच म्हणाले होते, वर हसलेही होते. आमच्या बालगृहात मात्र वीज निम्म्याहून खाली आली. का, ते सांगते. सांगताना मान खाली जाते, पण सांगते.

साल २०४१. आमच्या गावात तारेवरची वीज अजूनही मनात आलं तर यायची. सगळ्यात जास्त हाल व्हायचे चिमीचे. चिमी सात वर्षांची, दम्याची. रोज दुपारी तिला नेब्युलायझर (औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं यंत्र) लागायचा. मास्क धरून बसायचं काम माझं. ती मला शकूताई म्हणायची. दोघींनाही दुसरं होतं कोण!

मग रावसाहेब धांड्यांनी आठ सौर पॅनलं दिली आणि ती पुसायला एक रोबो. आम्ही त्याचं नाव खराट्या ठेवलं. बालगृहाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "गेटवर आभाराचा फलक लावू." आणि मी शहाणी बोलले, "फलक कशाला बाई? पॅनलांवरच लिहू की! रविवारी ते ड्रोननं फोटो काढणार आहेत, वरून दिसेल."

आमच्याकडे पंख्याच्या पात्यापासून ताटापर्यंत सगळ्यावर देणाऱ्याचं नाव असतं, आणि ते रंगवते मी. आठ पॅनलं, आठ अक्षरं: श्री रावसाहेब धांडे. पांढरा ऑइलपेंट, चांगला जाड हात. बाईंनी पाठ थोपटली. मी दोन दिवस नुसती फुगून चालत होते.

बुधवारी पाण्याचा पंप लावला आणि चिमीचं यंत्र बंद पडलं. मी गच्चीवर गेले.

"खराट्या, वीज कमी का येते रे?"

"अक्षरांमुळे."

"अन् हे तू आत्ता सांगतोस?"

"धूळ आणि पक्ष्यांची शीट यांचीच तक्रार करायची, अशी मला सूचना आहे. नाव ही घाण आहे असं कुणी सांगितलं नव्हतं."

"चल! दहावा भागसुद्धा झाकलेला नाही."

"हे काळे चौकोन म्हणजे सौरघट (उन्हापासून वीज करणारे तुकडे)," खराट्या म्हणाला. "ऊन पडलं की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन (अणूतले अतिसूक्ष्म कण) वाहू लागतात. तोच विद्युतप्रवाह. पण हे घट एकसर जोडलेले असतात (एकाचं टोक दुसऱ्याला, माळेसारखे). तुम्ही विहिरीवरून हातोहात बादल्या देता ना? रांगेत पंधरा जणी. एकीचा हात दुखतोय, ती मिनिटाला दोनच बादल्या पुढे देते. टाकीत किती पडतील?"

"दोनच."

"बाकीच्या चौदा जणींनी कितीही जोर लावला तरी?"

"तरी दोनच."

"तसंच. झाकलेला एक घट साऱ्या माळेला अडवतो. पॅनलात बायपास डायोड असतात (अडलेल्या घटांना वळसा घालून प्रवाह नेणारे पुर्जे), पण वळसा घातला की तेवढ्या घटांची वीज गेलीच. एकाच पॅनलावर लिहिलं असतंस तर भागलं असतं. तू आठही अडवलीस."

कळलं. सगळं कळलं. आणि मी काय केलं? "रविवारपर्यंत कुणाला बोलू नकोस," असं त्यालाच बजावलं. बाईंनी विचारलं तेव्हा सरळ थाप मारली, "ढग असतील." आभाळात औषधालाही ढग नव्हता. बाईंनी विश्वास ठेवला. मला फक्त एवढंच हवं होतं की फोटोत माझं अक्षर दिसावं. आजही हे लिहिताना कान तापतात.

शनिवारी यंत्र पुन्हा अर्ध्यात थांबलं. चिमीचे ओठ निळे पडले. कशीबशी ती सावरली, पण बाईंनी लगेच फोन करून ठरवलं की सोमवारी तिला जिल्ह्याच्या बालगृहात पाठवायचं. तिथं वीज जात नाही.

चिमीनं माझा हात धरला. "शकूताई, मला पत्र लिहिशील ना? तुझं अक्षर किती छान आहे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच, सगळ्यांसमोर, मी सांगून टाकलं. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रॉकेल, चिंध्या, आणि खराट्याची सूचना: "चाकूचं पातं लावू नको, काच ओरखडेल." संध्याकाळपर्यंत आठही अक्षरं गेली. रविवारी दुपारी पंप चालू असतानाही यंत्र शेवटपर्यंत चाललं.

रावसाहेबांनी ड्रोन चढवला आणि विचारलं, "नाव कुणी पुसलं?"

"मी. लिहिलंही मीच," मी म्हणाले, आणि त्यांना बादल्यांची रांग समजावली. त्यांनी वर कोऱ्या पॅनलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं केलंस पोरी." ड्रोन त्यांनी खाली उतरवला.

बाईंनी चिमीचं जाणं रद्द केलं. खराट्याच्या हिशेबानं आता पिठाची गिरणीही उन्हावर चालेल. मोठी झाले की एक घट झाकला तरी बाकीचे अडणार नाहीत, असं पॅनल मला करायचंय.

चिमीनं मात्र विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"बुधवारपासून."

 सोमवारी दुपारी तिनं मास्क धरायला दुसऱ्याच मुलीला बोलावलं, मी दाराशी उभी होते. मंगळवारीही तसंच. बुधवारी चिमी आतूनच म्हणाली, "शकूताई, ये. हिचा हात हलतो."