पाचवं ताट

धुकं इतकं दाट होतं, की आधी छत्री दिसली आणि मग तिच्याखालचा माणूस.

"एक क्रीमरोल... पटकन द्या."

पोलादपूरला स्टँडसमोरच्या बेकरीत मी तेव्हा काउंटर सांभाळायचे. चोरून खाणारं गिऱ्हाईक मला लांबून कळतं. कोणी डायबेटिसवालं असतं, कोणी उपासवालं. हा मात्र तरणाबांड, सडसडीत, आणि तरीही छत्री पुढे धरून तिच्याआड खात होता.

"बायको बघेल म्हणून का?" मी विचारलं.

"पेशंट बघतील म्हणून," तो म्हणाला आणि जरा थांबून — "बायको नाही."

हे दुसरं मी विचारलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. पैसे ठेवून तो धुक्यात शिरला, नाकाच्या शेंड्याला क्रीम तसंच. मी सांगणार होते, पण म्हटलं राहू दे... शोभतंय.

थोड्या वेळाने मी भाचीला घेऊन दवाखान्यात गेले. दर बुधवारी महाडहून लहान मुलांचे डॉक्टर यायचे. पाटीवर नाव होतं डॉ. महिपत उतेकर. असं नाव म्हणजे पांढऱ्या मिशांचे आजोबाच असणार, अशी माझी खात्री. पडदा सरकवला तर समोर क्रीमरोल!

"आधी नाक पुसा," मी म्हणाले.

त्याने निमूटपणे पुसलं. मग श्रुतिकाकडे वळला, तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला.

श्रुतिका आठ वर्षांची, माझ्या मंगेशदादाची मुलगी. चढण चढताना धापा टाकायची. शाळेत पोरं चिडवतात म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. डॉक्टरने तिला काट्यावर उभं केलं, पण आकडा मोठ्याने वाचला नाही. मला ते आवडलं. मग तिची वेणी बाजूला करून त्याने मान बघितली. मानेवर काळा पट्टा होता आणि त्यावर लाल ओरखडे.

"हे कशाने झालं गं?"

"आजी पाय घासायच्या वजरीनं घासते. मळ जात नाय म्हनून."

त्याने वेणी हलकेच पुन्हा मानेवर सोडली. "हा मळ नाही. शरीराला साखर झेपेनाशी झाली की मान अशी काळी पडते. आजीला सांग, घासू नको. तुझी काही चूक नाही यात." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला, "आत्ता आवरलं तर गोळ्यासुद्धा लागणार नाहीत. पण असंच वाढत गेलं तर शाळा संपायच्या आत हिला डायबेटिस गाठेल."



औषध त्याने दिलंच नाही, रीत सांगितली. ताट एकदाच वाढायचं, जेवताना टीव्ही बंद, खारी-बिस्किटं घरात आणायचीच नाहीत आणि रस्त्यापासून घरापर्यंतची चढण रिक्षाने नाही, पायी. आणि हे एकट्या पोरीने करायचं नाही, सगळ्या घराने करायचं.

"घरात कोण कोण असतं?"

"चौघी... आई, वहिनी, मी आणि ही."

"अडखळलात का?"

"नाही. चौघीच."

श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. माणसं चौघीच होतो आम्ही. ताटं मात्र पाच लागायची.

मंगेशदादा मागच्या एका पावसाळ्यात गुरं सोडवायला नदीकडे गेला. पूर ओसरला, गुरं परत आली, दादा आला नाही. कुठे सापडलाही नाही. आईने त्याचे दिवस करू दिले नाहीत, की वहिनीच्या कपाळाला हात लावू दिला नाही. रोज दिवेलागणीला ती दादाचं ताट वाढायची आणि मागच्या पडवीत टोपलीखाली झाकून ठेवायची. गड्याचं जेवण ते. भाताचा ढीग, वर तूप, दोन भाकऱ्या, तळलेले बोंबील, सणावाराला पुरणपोळी.

पहिल्यांदा ठेवलं तेव्हा ताट सकाळी तसंच होतं. आई दिवसभर रडली. पण दुसऱ्या सकाळी ते रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही... धुऊन, भिंतीशी पालथं ठेवलेलं. दादाची सवयच होती ती. जेवला की आपलं ताट आपण धुवायचा आणि पडवीच्या भिंतीशी पालथं घालायचा.

"आला गो माझा!" आई म्हणाली. आणि मग रोजच तसं होऊ लागलं.

मी तशी धीट आहे, पण दिवे लागल्यावर त्या पडवीत पाऊल टाकत नसे. कधीकधी पहाटे तिथून भांड्याचा बारीक आवाज यायचा. वहिनी कूस बदलायची, मीही बदलायचे. कोणी कोणाला काही विचारत नसू. असलं काही त्या क्रीमरोलवाल्याला काय सांगणार?

दर रविवारी महाडला तो आपल्या बालपेशंटना घरच्यांसकट चवदार तळ्याभोवती चालवायचा. मी श्रुतिकाला घेऊन जाऊ लागले. निघण्याआधी आरशासमोर इतका वेळ जायचा, तोही श्रुतिकासाठीच, असं मी स्वतःला बजावत असे.

"तुम्ही फार हळू चालता," तो म्हणायचा.

"पेशंट मी नाही."

"ते खरं. तुम्ही आलात की धाप मलाच लागते."

"मग तब्येत दाखवून घ्या कुणाला तरी."

"दाखवतोय की... दर रविवारी."

पुढे श्रुतिका दुसऱ्या पोरांबरोबर लंगडी घालत जायची आणि आम्ही दोघं उगाचच मागे राहायचो. पाण्यावर ढग उतरलेले असायचे. त्याच्या बाहीचा माझ्या बाहीला निसटता स्पर्श झाला की आम्ही दोघंही तळ्याकडे बघायचो.

पोर खरंच बदलत होती. खारी सुटली, चढण पायी व्हायला लागली. तरी वजन वाढतच राहिलं. मानेवरचा पट्टा गळ्याकडे सरकला, आणि रक्त तपासलं तर साखर आणखी वर.

त्या बुधवारी रिपोर्ट बघून तो माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "हिला कोणीतरी वरून खायला घालतंय. बेकरीतून घरी काय काय जातं?"

"म्हणजे मी घालते?"

"मी फक्त विचारतोय."

"विचारत नाही, ठरवून बसलाय तुम्ही." माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला आणखी राग आला. "आज संध्याकाळी आमच्या घरी या. आम्ही कशा जेवतो ते डोळ्यांनी बघा, मग बोला!"

तो आला. खालच्या रस्त्यावर गाडी लावून, आमची चढण पायी चढून आला. धुकं त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आलं. वहिनी कंपनीतून नुकतीच परतली होती. आईने त्याला बसायला पाट दिला आणि ताटं वाढायला घेतली. तो बघत होता.

"मावशी, हे पाचवं माझं का?"

आईचा हात थांबला. "नाय. तुमचं येगळं वाढते. ह्ये मंगेशचं हाय."

"कुठे गेलेत ते?"

"येल," आई म्हणाली. शेजारी गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशी. ताट उचलून ती पडवीत गेली. टोपली ठेवल्याचा आवाज आला आणि घरातला दिवा उगाचच मंद झाला.

मी त्याला खालच्या आवाजात सांगितलं. दादाचं, आईच्या रडण्याचं आणि सकाळी रिकामं होणाऱ्या ताटाचं. धुतलेलं असतं, पालथं असतं, हे मात्र सांगितलं नाही. सांगताना जीभच वळली नाही.

मला वाटलं, तो पडवीकडे बघेल. पण तो श्रुतिकाकडे बघत होता. तिचा घास हातातच होता. आई येऊन बसली, तसा तो पाट सरकवून श्रुतिकाजवळ गेला.

"पहिल्या दिवशी आजी फार रडली होती ना?"

तिने मान हलवली.

"तुला बघवलं नाही ते?"

हातातला घास तिने ताटात ठेवला. मग पुटपुटली, "आजी पहाटे पानी तापवाया जाते तवा मी उठते. प्वाट भरल्यालं असतं... तरी सगळं खाते. थोडं जरी उरलं तर तिला वाटंल, बाबा आला नाय."

वहिनीने पदर तोंडाशी धरला. मला तर रडूच फुटलं. एवढीशी पोर! पोट फुटेस्तोवर बापाच्या वाटचं खात होती, आजी रडू नये म्हणून. आणि आम्ही तिची मान घासत होतो.

आई कोणाकडेच बघत नव्हती. "म्हंजे..." तिचा आवाज कुठून तरी खोलातून आल्यासारखा आला. "तो आलाच नाय? येकदा बी नाय?"

डॉक्टर उठला आणि पडवीत गेला. तो तिकडे जाताच श्रुतिका माझ्या कानाला लागली.

"आत्या, खरं सांगते... मी नुसती खाते गो. ताट मी नाय धुवत."

मी वहिनीकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली, पांढरी फटक पडली होती ती. आई तर ते रिकामं ताट बघायलाच जगत होती, ती कशाला धुवेल?

तेवढ्यात तो ताट घेऊन परत आला आणि आईसमोर मांडी घालून बसला.

"मावशी, मंगेशदादांचं मला काही सांगता येणार नाही. पण हे ताट या पोरीच्या पोटात जाऊन चालणार नाही, आणि तुम्ही वाढायचं थांबवा असंही माझ्याच्याने म्हणवत नाही. हे मी जेवलो तर... चालेल?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, आणि त्याच्या भातावर आणखी एक पळी तूप वाढलं. डॉक्टर असून तो नको म्हणाला नाही. सगळं जेवला, अगदी बोंबलाच्या काट्यापर्यंत. आई समोर बसून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ओठ कुठेतरी हसत होते.

जेवण झाल्यावर तो कोणाला न विचारता ताट घेऊन पडवीत गेला. पाण्याचा आवाज आला. मग भांड्याचा, बारीक... तोच पहाटेचा. हात पुसत तो परत आला, तशी मी टॉर्च घेऊन धावले.

ताट धुतलेलं होतं आणि भिंतीशी पालथं होतं, दादाच्याच जागी. माझ्या खांद्यामागून आई बघत होती.

"जेवून गेला," ती एवढंच म्हणाली.

मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला निघाले. टॉर्चचा उजेड धुक्यात चार पावलांपुढे जात नव्हता.

"अंकिता, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलो."

"चुकलातच." मग राहवेना म्हणून विचारलं, "ताट धुवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही." तो थांबला. "खरं सांगू? घरी मी ताट तसंच टाकून उठतो, आई शिव्या घालते. आज कसे काय हात गेले... का? काही चुकलं का?"

मी वळून बघितलं. वर घरातला दिवा धुक्यात पिवळा दिसत होता. भीती वाटायला हवी होती. पण मनात आलं ते भलतंच — दादाने पाहुणा पसंत केला वाटतं.

"नाही चुकलं," मी म्हणाले.

"मग भरपाई म्हणून दर बुधवारी ते ताट माझं?"

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीच्या दिवसांसाठी... तुमच्या आईला विचारावं लागेल."

"आधी मला विचारा."

"तुम्ही मला आवडता," तो एका दमात म्हणाला. "नाकाला क्रीम लागलंय हे दिसत असून सांगितलं नाहीत, तेव्हापासून."

मी त्याचा हात धरला. पुसला होता तरी ओलाच होता, आणि नदीच्या पाण्यासारखा गार. मी तो रस्ता येईपर्यंत सोडला नाही.

आता श्रुतिकाच्या मानेवरचा पट्टा जवळजवळ गेलाय. चढणीवर ती आमच्या पुढे पळते आणि वरून आम्हालाच हाका मारते. बुधवार सोडला तर आई पाचवं ताट वाढत नाही. बुधवारी जावई जेवायला असतो.

इकडे महाडला, आमच्या घरी, महिपत रोज जेवण झालं की आपलं ताट आपण धुतो आणि भिंतीशी पालथं घालतो. ही सवय लग्नानंतर कुठून लागली, याचं सासूबाईंना अजून नवल वाटतं. मला नाही वाटत.